गावच्या तलावाची भिंत : ती का फुटते, कशी टिकते

आज आम्ही बचत, कर्ज, शेळीपालन यांपैकी कशावरच बोलणार नाही. आज बोलायचंय गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तलावाबद्दल. म्हणाल, हा विषय बायांचा कसा? तर तलावावर रोज कोण जातं ते आठवा. धुणं घेऊन आपण जातो, शेळ्या घेऊन आपण जातो, सरपणाला आपण जातो. साहेब वर्षातून एकदा येतात. भिंत रोज बघणारे डोळे आपलेच आहेत.

विषय सुचला तो आमच्याच एका गटाच्या बैठकीत. जिंतूर तालुक्यातलं गाव. मे महिना, सगळं रान वाळून करडं झालेलं. हप्ते गोळा करून झाले आणि एक काकू सहज म्हणाल्या, "तलावाच्या भिंतीखाली तेवढं गवत हिरवंगार हाय बघा. शेळ्या तिथून हलंनात." सगळ्या हसल्या. पण एकीने विचारलं, मे महिन्यात त्या गवताला पाणी कोण घालतंय? मग आम्ही पाच-सहा जणी बघायला गेलो. भिंतीच्या पायथ्याला खाटेएवढी जागा ओली होती. पाय ठेवला की बदाबदा करायची. गावात विचारलं तर उत्तर आलं, "पाझर तलावच आहे तो, पाझरणारच की."

हे उत्तर अर्धं खरं आहे आणि अर्धं फार धोक्याचं. ते का, हे समजून घ्यायला आम्ही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंता काकांना गाठलं. त्यांनी दोन दुपारी भिंतीवरून चालत चालत आम्हाला जे शिकवलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्यापैकी माळवदाच्या घरात कोण कोण नांदलंय?" बऱ्याच जणींनी हात वर केले. "मग तुम्हाला मातीचं धरण निम्मं येतंच," ते म्हणाले. आणि खरंच आहे ते. मिरग लागायच्या आधी आपली सासू काय करायची? माळवदावर पांढरी माती टाकायची, पाणी शिंपडायची, चोपून बसवायची. उंदराची बिळं बुजवायची. आणि पन्हाळात कचरा अडकलाय का ते आधी बघायची. पन्हाळ तुंबलं की पाणी वर साचतं, माती फुगते आणि एका रात्रीत खण खाली येतो. मातीची भिंत म्हणजे तेच काम, फक्त फार मोठं. दगडाच्या भिंतीवरून थोडं पाणी गेलं तर ती सहसा उभी राहते. मातीच्या भिंतीवरून गेलं की पाणी माती सोबत घेऊन जातं.

मातीची भिंत मुख्यतः तीन प्रकारे जाते. पाणी वरून गेलं, पाणी आतून गेलं, किंवा भिंतीचा उतार घसरला. एकेक बघू.

पहिलं, वरून. प्रत्येक तलावाला एका बाजूला सांडवा असतो. तेच तलावाचं पन्हाळ. भिंतीचा माथा सांडव्यापेक्षा बराच उंच ठेवलेला असतो. पूर आला, वाऱ्याने लाटा उठल्या, तरी पाणी माथ्याला लागू नये म्हणून ही मोकळी उंची असते. ती उंची फुकट गेलेली जागा नाही, ती भिंतीचा जीव आहे. सांडवा किती रुंद हवा, हे अभियंता अंदाजाने ठरवत नाही. वरच्या किती रानाचं पाणी इथे येतं, तिथे मोठ्यात मोठा पाऊस किती पडू शकतो, याचा हिशेब करून ठरवतो.

हिशेब कमी पडला तर काय होतं ते गुजरातेत मोरबीला दिसलं. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू नदीवरच्या दुसऱ्या धरणावर सांडव्याला पेलणार नाही इतका पूर आला. मधला दगडी भाग राहिला, पण दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींवरून पाणी गेलं आणि त्या वाहून गेल्या. खाली मोरबी शहर होतं. हजारांहून जास्त माणसं गेली.

आता आपल्या गावात या. इथे अभियंत्याने सांडवा बरोबर ठेवलेला असतो आणि लहान करतो तो आपणच. जरा जास्त पाणी साठावं म्हणून कुणी सांडव्यावर दगड, मातीची पोती रचतं. मासे जाऊ नयेत म्हणून कुणी जाळी लावतं, तिच्यात काटक्या अडकतात. सांडव्याच्या खालच्या वाटेत कुणी दोन तास तूर पेरतं, मग बांध घालतं. वर बाभळी माजतात. हातभर जास्त पाण्यासाठी अख्खी भिंत पणाला लागते. ताईंनो, सांडव्यावर रचलेलं पोतं दिसलं की ते कुणाचं आहे हे विचारत बसू नका. ते पावसाच्या आधी निघालं पाहिजे, एवढंच बघा.

दुसरं, आतून. हे जास्त कपटी, कारण ते दिसत नाही. मातीतून थोडं पाणी पाझरणारच. रांजण पाझरतो, तशी भिंतही पाझरते. पण पाझरणाऱ्या पाण्याला सैल जागा सापडली, तर ते मातीचा एकेक कण उचलून बाहेर नेतं. बाहेरच्या तोंडाशी छोटं भोक पडतं. ते भोक आत आत तलावाकडे सरकत जातं. जितकं लांब जातं तितकं पाणी जोरात येतं, आणि जितकं जोरात येतं तितकी जास्त माती नेतं. शेवटी आतल्या आत नळी तयार होते. वरून भिंत ठणठणीत दिसते. नळी तलावाला जाऊन भिडली, की मग थोड्या तासांचाच खेळ असतो.

अशी सैल जागा कुठे असते? घुशीच्या, खेकड्याच्या बिळात. कापलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळात. पायात नीट न काढलेल्या मऊ गाळात, वाळूत. उन्हाळ्यात पडलेल्या भेगेत. आणि सगळ्यात जास्त, भिंतीतून पाटाला पाणी नेणाऱ्या नळाच्या किंवा मोरीच्या कडेने. नळ कडक, माती मऊ. माती खाली बसते, नळ बसत नाही, मधे फट राहते. पाण्याला तेवढीच वाट पुरते.

पुण्याजवळचं पानशेत आठवा. १२ जुलै १९६१. मातीचं धरण, काम पुरं व्हायच्या आधीच पावसाळ्यात पाणी भरलं. भिंतीच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी होती तिचं काम अपुरं होतं. तिच्यावरची माती खचत गेली आणि तिथला माथा खाली बसला. जवानांनी रात्रभर पोती रचली, तरी सकाळी धरण फुटलं. पाठोपाठ खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुणं बुडालं. मोठमोठ्या माणसांच्या देखरेखीखालचं धरण एका मोरीपाशी अडलं, हे लक्षात ठेवा.

आणि तिवरे तर कालपरवाचं. रत्नागिरी जिल्हा, चिपळूण तालुका. २ जुलै २०१९ ची रात्र, जेवणवेळ. साधारण २००० साली बांधलेलं मातीचं छोटं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लेकरं होती. नंतर खेकड्यांची चर्चा राज्यभर झाली. पण आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. धरण गळतंय, हे गावकऱ्यांनी आधी सांगितलेलं होतं. म्हणजे भिंतीने खूण दिली होती, माणसांनी ती पाहिली होती. तरीही ती रात्र आलीच. आम्ही काकांना विचारलं, खेकडे धरण फोडतात का? ते म्हणाले, "खेकडा बीळ करतो हे खरं. पण भिंत दाबून केलेली असेल, दगडी पिचिंग शाबूत असेल आणि दरवर्षी कुणी बिळं शोधून बुजवत असेल, तर खेकड्याची काय बिशाद? बिळाला खेकडा कारण, पण बीळ तसंच राहिलं याला माणूस कारण."

तिसरं, उतार घसरणं. ही आपल्या परभणीची खास गोष्ट, कारण आपली जमीन काळी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. चैत्रात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भिंतीवरही पडतात. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्या भेगांत शिरतं, माती जड होते आणि उताराचा एक तुकडा सुरीने कापावा तसा खाली बसतो. तलाव भरलेला असताना एकदम झपाट्याने रिकामा केला तरी असं होतं. बाहेरचं पाणी गेलं, मातीतलं पाणी मात्र आत अडकलेलं, म्हणून ती ओली जड माती आतल्या बाजूला घसरते.

मग चांगला अभियंता काय करतो? काकांच्या सगळ्या बोलण्याचं सार एका वाक्यात सांगता येईल. तो पाण्याशी भांडत नाही, पाण्याला सुखरूप वाट करून देतो.

सगळ्यात आधी तो पाया खणतो. भिंतीच्या मधोमध लांबच लांब चर घेतो, तो कठीण थर लागेपर्यंत. त्यात काळी चिकण माती दाबून भरतो, म्हणजे भिंतीखालून पाणी जाऊ शकत नाही. मग भिंत. तिच्या पोटात गाभा काळ्या मातीचा, कारण तिच्यातून पाणी सहज जात नाही. बाहेरून जाड पांघरूण मुरमाचं, कारण मुरूम भेगाळत नाही आणि पाणी लवकर सोडतो. म्हणजे काळी आत सावलीत, मुरूम बाहेर उन्हात. नुसत्या काळ्या मातीचा ढीग म्हणजे भिंत नव्हे.

माती ढिगाने टाकायची नसते. साधारण ९ इंचांचा सैल थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवून तो ६ इंचांवर आणायचा, मग पुढचा थर. पाणी किती? इथे सगळ्या गटाने एकदम मान हलवली, कारण हे भाकरीच्या पिठासारखंच आहे. पाणी कमी झालं तर भाकरी चिरते, जास्त झालं तर हाताला चिकटते. मातीचंही तसंच. मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि हात ओला होता कामा नये. नळाभोवती रोलर पोहोचत नाही, तिथे धुम्मसाने हातानेच ठोकून घ्यावं लागतं. घाईत राहतं ते नेमकं हेच काम.

भिंतीचे उतारही पसरट हवेत. पाण्याच्या बाजूला १ फूट उंचीला साधारण ३ फूट पसारा, कोरड्या बाजूला २ ते अडीच फूट. पाण्याच्या बाजूला लाटांसाठी दगडी पिचिंग. आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याला वाळू, खडी, दगड यांचं गाळणं. हे गाळणं फार महत्त्वाचं. चहा गाळताना चहा खाली येतो आणि पत्ती वर राहते ना? तसं पाझराचं पाणी बाहेर येतं आणि माती आत राहते. पाझर तलाव पाझरला तरी फुटत नाही, तो या गाळण्यामुळे.

आता इथे आमच्या आज्ज्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर झाले. डोक्यावर टोपल्या वाहून, लेकराला झाडाच्या फांदीला झोळीत टांगून आपल्या आज्ज्यांनी, सासवांनी त्या भिंती उभ्या केल्या. त्यांच्या कष्टात खोट नव्हती. पण दुष्काळात माणसालाच प्यायला पाणी नव्हतं, तिथे मातीच्या थरांवर मारायला कुठून आणणार? जिथे थर कोरडे राहिले, तिथे भिंत आतून सैल राहिली असू शकते. आज त्या भिंतींचं वय पन्नासच्या पुढे गेलंय. म्हाताऱ्या माणसाला जसं अधूनमधून दवाखान्यात नेऊन दाखवतो, तसं या भिंतींनाही दाखवावं लागतं.

मग आपण काय बघायचं? आमच्या गटाने वहीत पाच गोष्टी लिहून ठेवल्यात.

पहिली, ओल. भिंतीखाली नवी ओली जागा, उन्हाळ्यात हिरवं गवत, शेवाळ दिसलं की तारीख घालून लिहायचं.

दुसरी, पाण्याचा रंग. ही सगळ्यात मोठी खूण. पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरायचं आणि घरी एका जागी ठेवायचं. स्वच्छ राहिलं तर भिंत नुसती पाझरतेय. तळाशी गाळ बसला तर भिंत आतून झिजतेय. स्वच्छ पाण्यावर नजर ठेवायची, गढूळ पाण्याला उठून पळायचं.

तिसरी, किती पाणी येतंय. त्याला यंत्र लागत नाही. एकच घागर ठरवायची आणि ती पाझराखाली किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजायचं. तलावात पाणी तेवढंच असताना घागर लवकर भरू लागली, तर वाट मोठी होतेय.

चौथी, माथा आणि उतार. माथ्यावर भिंतीच्या लांबीने गेलेली भेग, खचलेली जागा, फुगलेला उतार, गाडीवाटेने पडलेला खड्डा, हे सगळं लिहायचं. बारीक भेग असेल तर ती खणून मोकळी करायची, ओलसर माती थोडी थोडी भरत धुम्मसाने ठोकायची. वरून नुसती माती लोटली की भेग झाकली जाते, भरत नाही. लांब, खोल भेगेला आपण हात लावायचा नाही, ती अभियंत्याला दाखवायची.

पाचवी, बिळं आणि झाडं. वेड्या बाभळीचं रोप हातभर असतानाच उपटायचं. झाड मोठं झालं तर परस्पर तोडायचं नाही, कारण मुळं आत कुजतात आणि तिथे पोकळी होते. ते विचारून, मुळं काढून, खड्डा ठोकून भरून करायचं काम आहे. गवत मात्र राहू द्या, गवत माती धरतं.

आणखी एक. गाळ काढायच्या योजनेत जेसीबी येतात. गाळ शेतात गेला तर चांगलंच, तलावही खोल होतो. पण भिंतीच्या पायथ्याला लागून कुणाला खणू देऊ नका, आणि जवळ पडते म्हणून भिंतीचीच माती कुणाला नेऊ देऊ नका. घराच्या पायाशी कुणी खड्डा घेतला तर आपण गप्प बसू का?

सांगायचं कुणाला? येलदरी, निम्न दुधना, करपरा, मासोळी ही मोठी आणि मध्यम धरणं जलसंपदा खात्याकडे. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे छोटे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून थोडे मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे. २०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला, पण तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना लागू आहे. आपला गावतलाव त्यात बसत नाही. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय मांडून ठरावात घ्या, ठरावाची प्रत संबंधित विभागाला पाठवा. अर्जासोबत वहीची पानं आणि फोटो जोडा. "तलाव गळतोय" या अर्जाला कुणी पाझर म्हणेल. "८ जूनला घागर चार मिनिटांत भरायची, २० जूनला दीड मिनिटात भरली, आणि बाटलीत गाळ बसला" या अर्जाला पाझर म्हणता येत नाही.

आणि रात्री-बेरात्री पाणी गढूळ झालं, जोरात येऊ लागलं तर? तोंडावर माती, पोती दाबून ते बंद करायला जाऊ नका. आत अडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. आधी खालच्या वस्तीतली माणसं उठवा, उंचावर न्या. जनावरांचे दावे सोडा. मग जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर फोन करा. बाकी काम अभियंत्यांचं.

वेळेवर हललं तर काय होतं, तेही सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या नव्या मातीच्या धरणाला गळती लागली. खालची अठरा गावं रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी काढून दिलं. धरण वाचलं नाही, पण एकही माणूस गेला नाही. तिवऱ्याला दिसलेली खूण आणि इथे दिसलेली खूण एकच होती. फरक पडला तो ती दिसल्यावर काय केलं यात.

आमच्या त्या गावाचं काय झालं, विचाराल. पावसाळ्यात ते पाणी दोन वेळा गढूळ आलं. बाटल्या घेऊन आम्ही सात जणी एका कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी बसवून ठेवलं, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक तरुण अभियंता आमच्यासोबतच गावात आला. तलावातलं पाणी हळूहळू कमी केलं, आणि उन्हाळ्यात नळाकडेची माती उकरून पुन्हा थराथराने बसवली, पायथ्याला गाळणं घातलं. रोलर फिरत होता तेव्हा आमच्या काकू शेळ्या घेऊन शेजारी उभ्या होत्या. मूठभर माती उचलून त्यांनी दाबून पाहिली आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "अजून जरा पाणी मारा, भाऊ." मिस्त्रीने मारलं.

पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या वहीशेजारी तलावाची एक वही ठेवा. मिरगाच्या आधी एकदा सगळ्याजणी मिळून भिंतीवरून चालत या. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चक्कर मारा, जाताना बाटली आणि घागर सोबत घ्या.